गर्भस्थितीचे शब्द : ‘परिघ’, ‘आडवे मूल’ आणि ‘पायाळू’

जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले त्याला मराठीत ‘पायाळू’ म्हणतात. मोल्सवर्थने आपल्या कोशात हा शब्द नोंदविला आहे, आणि हिंगोली, कळमनुरी, सेनगाव या भागांत तो आजही खेडोपाडी सर्वांना ठाऊक आहे. पायाळू माणसाने पाठीवर हलकी लाथ मारली की उसण जाते, त्याच्या डोळ्यांत अंजन घातले की भूमीतील धन दिसते, त्याला जमिनीखालचे पाणी कळते, आणि पावसाळ्यात विजेपासून त्याने जपून राहावे, अशा समजुती या शब्दाभोवती आहेत. लोकसमजुतींच्या अभ्यासकांनी त्या टिपून ठेवल्या. मात्र हा शब्द मुळात प्रसूतिगृहातला आहे, आणि ज्या घटनेला तो नाव देतो ती घटना आईच्या व मुलाच्या जिवावर बेतणारी आहे, याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. गर्भाची स्थिती आणि तिचा प्रसूतीवर होणारा परिणाम यांविषयी आपल्या भाषेत कोणते शब्द होते, ते कोणी घडविले आणि त्यांतून त्या काळच्या ज्ञानाविषयी काय अनुमान काढता येते, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे. लेखक वैद्य नाही. तथापि ज्या प्रदेशात बाळंतपणाची लेखी दप्तरे जवळजवळ नाहीत, तेथे शब्द हाच एक दस्तऐवज उरतो, आणि तो वाचण्याचे काम भाषाभ्यासकाचे आहे.

प्रथम वस्तुस्थिती. गर्भाच्या शरीरात डोके हा सर्वांत मोठा व सर्वांत कठीण भाग. तो आधी खाली आला तर मार्ग हळूहळू रुंदावतो, कवटीची हाडे थोडी एकमेकांवर सरकून डोके मार्गाजोगा आकार घेते, आणि मागचे शरीर सहज सुटते. पाय किंवा कुल्ले आधी आले तर हा क्रम उलटतो. लहान भाग प्रथम निघतो आणि मोठा मागे राहतो. डोक्याला आकार घेण्यास वेळ मिळत नाही. त्याच वेळी नाळ डोके व हाड यांच्यामध्ये दाबली जाते. म्हणून शेवटची काही मिनिटेच निर्णायक ठरतात. मूल आडवे असेल तर प्रश्न याहून कठीण. पूर्ण वाढलेले आडवे मूल आपोआप जन्मूच शकत नाही. खांदा अडकतो, हात बाहेर येतो, कळा वाढतच जातात आणि अखेरीस गर्भाशय फाटू शकतो. सातव्या महिन्याच्या सुमारास चतुर्थांशाच्या आसपास गर्भ पायाकडून असतात. दिवस भरेपर्यंत त्यांतील बहुतेक वळतात आणि शंभरात तीन-चारच तसे राहतात. आडवी मुले सुमारे तीनशेत एक. अनेक बाळंतपणांनी पोटाचे स्नायू सैल झालेल्या स्त्रियांत हे प्रमाण अधिक असते. म्हणजे जुन्या काळच्या संसारांत ही आपत्ती आजच्याहून पुष्कळ परिचयाची असणार.

संस्कृत वैद्यकाने या गोष्टीचा विचार फार बारकाईने केलेला आहे. चरकाच्या शारीरस्थानात गर्भ आईच्या पाठीकडे तोंड करून, डोके वर ठेवून, अवयव आखडून बसलेला असतो आणि प्रसूतिसमयी वायूच्या योगाने उलटून खाली डोके करतो, असे सांगितले आहे. हीच प्रकृती, याहून वेगळे ते विकृती. उलटण्याचा काळ चरकाने पुष्कळ उशिरा धरला आहे; परंतु गर्भ मुळात उलटतो ही गोष्ट त्याने ओळखली होती. सुश्रुताच्या मतेही गर्भ वाकलेला असतो व स्वभावतःच डोक्याने मार्गाकडे येतो. जो असा येत नाही त्याला त्याने ‘मूढगर्भ’ म्हटले. ‘मूढ’ म्हणजे येथे मूर्ख नव्हे. ‘मुह्’ या धातूचा अर्थ भांबावणे, दिशा न कळणे. आपल्या ‘दिङ्मूढ’ शब्दात तो टिकून आहे. मूढगर्भ म्हणजे वाट चुकलेला गर्भ.

निदानस्थानाच्या आठव्या अध्यायात मूढगर्भाचे चार प्रकार दिलेले आहेत : कील, प्रतिखुर, बीजक आणि परिघ. हात, पाय व डोके वर करून जो खुंटीसारखा दार अडवितो तो कील. हात, पाय व डोके बाहेर येऊन ज्याचे धड अडते तो प्रतिखुर. एका हातासह डोके येते तो बीजक. आणि जो आडवा पडतो तो परिघ. हे चार प्रकार सांगून झाल्यावर सुश्रुत तेथे थांबत नाही, हे विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. हे मत बरोबर नाही, असे तो स्पष्ट म्हणतो. वायूने पीडित गर्भ नाना रीतींनी येऊ शकतो, तेव्हा संख्या ठरविणे व्यर्थ. आणि मग तो आठ गती वर्णितो : दोन्ही मांड्या येणे, एकच मांडी येणे, कुल्ले येणे, छाती, कूस किंवा पाठ मार्गावर येणे, इत्यादी. या आठांतील शेवटच्या दोन तो असाध्य मानतो. आपल्याकडे प्राचीन शास्त्रकारांविषयी बोलताना त्यांच्या वर्गीकरणाचे कौतुक होते. येथे कौतुक करावे ते वर्गीकरण मोडण्याच्या धैर्याचे. चार नावे परंपरेने आली असावीत. आठ गती हाताने पाहून लिहिलेल्या आहेत.

‘हाताने पाहून’ हे शब्द मी जाणूनबुजून वापरतो. चिकित्सास्थानाच्या पंधराव्या अध्यायात मूढगर्भ काढण्याहून अधिक कष्टाचे काम नाही असे म्हटले आहे, आणि त्याचे कारण हे की, यकृत, प्लीहा, आतडी, गर्भाशय यांच्या मध्ये ते केवळ स्पर्शाने करावे लागते. म्हणून धन्याची अनुज्ञा घेऊन, पराकाष्ठेची काळजी घेऊन आरंभ करावा. एक पाय आला असेल तर दुसरा सरळ करून ओढावा. कुल्ले आले असतील तर ते वर दाबून पाय पसरावेत. मूल परिघासारखे आडवे असेल तर मागील अर्धा भाग वर सारून पुढील अर्धा मार्गाशी सरळ करावा. आडव्या मुलाचे पाय धरून ते वळविण्याची रीत ग्रीक वैद्य सोरानसने सांगितली होती आणि सोळाव्या शतकात फ्रान्सच्या आंब्र्वाझ पारेने तिला पुन्हा चालना दिली. सुश्रुताची रीत याच्या उलट, डोक्याकडून वळविण्याची आहे. जिवंत गर्भावर शस्त्र चालवू नये, त्याने आई व मूल दोघेही दगावतात, ही त्याची आज्ञाही तेथेच आहे.

आता प्रश्न असा की, हे ज्ञान मराठी बोलणाऱ्यांपर्यंत पोहोचले काय? देवगिरीच्या यादवांच्या काळी, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात, महादेव व रामचंद्र या राजांच्या पदरी असलेल्या हेमाद्रीने वाग्भटाच्या अष्टांगहृदयावर ‘आयुर्वेदरसायन’ ही टीका लिहिली. त्याच अष्टांगहृदयाच्या शारीरस्थानात मूढगर्भाचे विवेचन आहे आणि ‘विष्कंभ’ नावाचे दोन असाध्य प्रकार सांगितले आहेत. म्हणजे मराठवाड्यात हे शास्त्र ज्ञात होते, त्याचे पठन होत होते. परंपरेने नामदेवांचा जन्म कयाधूकाठच्या नरसीला १२७० मध्ये झाला असे मानतात, आणि औंढ्याचे नागनाथाचे देवालयही यादवकालीन आहे. अशा या प्रदेशात, याच काळात, एकीकडे संस्कृत पोथी होती आणि दुसरीकडे शेकडो घरांत बाळंतपणे होत होती. या दोहोंना जोडणारा एखादा शब्द तरी सापडावा, अशी अपेक्षा स्वाभाविक आहे.

तो सापडत नाही. ‘मूढगर्भ’, ‘प्रतिखुर’, ‘बीजक’ यांपैकी एकही शब्द बाळंतिणीच्या खोलीतल्या बोलीत उतरलेला नाही. ‘कील’ उतरला, मात्र तो ‘खीळ’ होऊन गाडीच्या आसाला आणि नांगराला गेला. ‘कामाला खीळ बसली’ असे आपण म्हणतो. त्यात प्रसूतीचा मागमूस नाही. ‘परिघ’ म्हणजे दाराला आतून आडवी लावण्याची भक्कम दांडी. तिला मराठीत ‘अडसर’ म्हणतात, आणि जुन्या वाड्यांच्या भिंतींत अडसर सरकविण्याची भोके अजून दिसतात. मराठीतला ‘परिघ’ मात्र भूमितीत वर्तुळाची कड मोजतो. शब्द नष्ट झाले नाहीत. ते बाळंतिणीच्या खोलीपर्यंत आले नाहीत. याचे कारण उघड आहे. पोथी वाचणारा वैद्य पुरुष होता आणि त्याला त्या खोलीत प्रवेश नव्हता. खोलीत असलेल्या सुइणीला अक्षरओळख नव्हती. स्पर्शाने करावयाचे काम एकीकडे आणि स्पर्शाविषयीचा ग्रंथ दुसरीकडे, अशी ही फारकत कित्येक शतके चालली.

सुइणीने आपले शब्द आपणच घडविले. ‘वेणा’ हा ‘वेदना’चा अपभ्रंश, सर्व वेदना सोडून भाषेने तो एकाच वेदनेसाठी राखून ठेवला. गर्भजलाच्या पिशवीला ‘पाणमोट’ म्हणतात. विहिरीची मोट ज्याने पाहिली आहे त्याला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. कळा पोटात आहेत की कमरेत, हा भेदही बायकांच्या बोलण्यात सर्रास येतो. मुलाचे तोंड पुढे व डोक्याचा मागचा भाग आईच्या पाठीकडे असेल तर वेणा कमरेत जाणवतात व बाळंतपण लांबते, हे आजचे शास्त्र सांगते. या स्थितीला मराठीत प्रचलित नाव नाही. तिची खूण मात्र कळांच्या जागेवरून सांगितली जाते. आणि मग मुख्य क्रियापद : ‘अडणे’. ‘बाई अडली’ एवढेच वाक्य. कोणती स्थिती, कोणता अवयव, काही नाही. कर्ता मूल नाही, बाई आहे. ‘मूल आडवे आले’ हा दुसरा प्रयोग. अडणे, आडवे, अडसर ही बहुधा एकाच कुळातील रूपे असावीत. आणि तसे असेल तर सुश्रुताचा ‘परिघ’ व सुइणीचे ‘आडवे मूल’ यांत प्रतिमा एकच आहे, जरी एकीने दुसरीपासून उसनी घेतलेली नसली. दार आणि त्याला आडवी पडलेली दांडी! हात घालून पाहणाऱ्या दोघांना, हजार-दीड हजार वर्षांच्या अंतराने, तेच जाणवले.

या आपत्तीचे सर्वांत भेदक मराठी वर्णन वैद्यकात नाही, दासबोधात आहे. जांबेच्या रामदासांनी तिसऱ्या दशकाच्या पहिल्या समासात जन्मदुःख निरूपण करताना वाट चुकून आडवा आलेला गर्भ, तो अवयवशः कापून काढणे आणि त्यात आईचेही प्राण जाणे, हे सांगितले आहे. त्यांचा हेतू वैराग्य उपजविण्याचा, हे खरे. परंतु सतराव्या शतकात मराठी मुलखात मूल कापून आई वाचविण्याचा प्रयत्न होत असे, हे त्यावरून कळते. हे करणारे हात कोणाचे होते, ते मात्र कवीने सांगितलेले नाही.

येथे गोठ्याकडे वळणे अवश्य आहे, कारण शेतकऱ्याच्या घरी बाळंतपणापेक्षा गाईचे विणे अधिक वेळा पाहावयास मिळते. गाय ‘अडते’ हाही प्रयोग रूढ आहे. परंतु वासरू नीट येते तेव्हा त्याचे पुढचे दोन खूर आधी दिसतात आणि त्यांवर नाक टेकलेले असते. गोठ्यात पाय आधी दिसले की घरधनी निश्चिंत होतो. घरात तेच दिसले की सुईण घाबरी होते. सुश्रुताचा ‘प्रतिखुर’ शब्द येथे आठवतो. माणसाच्या मुलाला खूर नसतात; हा शब्द गोठ्यातून आला असला पाहिजे, असे मला वाटते. हात, पाय, डोके एकत्र आलेले पाहून ज्याला वासरू आठवले, त्याने तो घडविला असेल.

‘पायाळू’ या शब्दाची घडण याच पार्श्वभूमीवर पाहावी. याची दोन रूपे आढळतात, ‘पायाळ’ आणि ‘पायाळू’. ‘-आळ’ प्रत्यय केसाळ, दुधाळ, खडकाळ यांत आहे. तेथे तो ‘ते ज्याच्यापाशी विपुल आहे’ एवढेच सांगतो. ‘-आळू’ची गोष्ट निराळी. झोपाळू, लाजाळू, मायाळू, विसराळू ही विशेषणे स्वभाव सांगतात. ‘पायाळ’चे ‘पायाळू’ झाले तेव्हा जन्माच्या क्षणी घडलेली एक घटना माणसाचा जन्मभराचा स्वभाव बनली. लाथेने उसण घालविणे, भूमीतले दिसणे, वीज ओढणे, या सर्व समजुतींचे बीज या एका ‘ऊ’कारात आहे, असे म्हणणे धाडसाचे होईल, पण समजूत आणि प्रत्यय यांची दिशा एकच आहे, हे नाकारता येत नाही. हिंदीत याच अर्थी ‘पायल’ शब्द आहे, त्यात हा स्वभाववाचक प्रत्यय नाही.

लॅटिनशी तुलना केली तर मराठीचे वेगळेपण अधिक उठून दिसते. थोरल्या प्लिनीने आपल्या सृष्टिवर्णनाच्या सातव्या ग्रंथात सांगितले आहे की, पायांकडून जन्मलेल्यांना ‘अग्रिप्पा’ म्हणत, कारण त्यांचा जन्म कष्टाने झालेला असे. ही व्युत्पत्ती आज मान्य होईलच असे नाही. परंतु रोमनांची दृष्टी तीतून कळते. त्यांच्या मते असा जन्म अशुभ. मार्कस अग्रिप्पा हा जवळजवळ एकटाच अपवाद, आणि नीरोही पायांकडूनच जन्मला होता. रोमने आईच्या कष्टावरून नाव दिले आणि मुलाला अपशकुनी ठरविले. मराठीने आईच्या कष्टाचा उल्लेखच वगळला आणि मुलाला शक्ती दिली. जगणारी पायाळू मुले थोडी असणार. जो जगला तो विलक्षणच वाटला असला पाहिजे. शिवाय त्याला मिळालेली शक्तीही या भूमीला साजेशी आहे. हिंगोलीची जमीन काळी आणि खाली काळा कातळ; पाणी सापडले तर कातळाच्या भेगांत व झिजलेल्या थरांत, नाही तर पन्नास हात खोदून कोरडा खड्डा. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत भूजल शोधण्याचा स्वतंत्र अध्याय आहे; तेथे झाडे, वारुळे, दगड यांच्या खुणा दिल्या आहेत. आपल्या पाणाड्याला पोथी नाही, म्हणून जन्म हीच त्याची पोथी. जो पायांनी प्रथम जगात आला त्याला पायांखालचे कळेल, असा हा सरळ तर्क आहे. त्याने पाणी सापडते असे नव्हे.

एकोणिसाव्या शतकाने या दोन प्रवाहांत फारसा सांधा जोडला नाही. हिंगोली येथे १८१९ ते १९०३ हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. फौजेबरोबर डॉक्टर आले. परंतु ते शिपायांसाठी. निजामी अमलात सरकारी व्यवहाराबरोबर फारसी वळणाचे शब्द आले, आणि ‘सुईण’ या शब्दाशेजारी ‘दाई’ बसली. पुढे सरकारी प्रशिक्षणाच्या कागदांत तीच मान्यता पावली. सुईण हा शब्द ‘सू’ म्हणजे प्रसवणे या धातूपासून आलेला, दाईच्या मुळाशी दूध पाजण्याचा अर्थ. कागदावर नाव बदलले. हात तेच राहिले.

पोथी आणि अनुभव एका व्यक्तीत एकत्र आले ते १८८६ मध्ये, आणि तेही फिलाडेल्फियात. कल्याणला जन्मलेल्या आनंदीबाई जोशी यांनी पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात पदवीसाठी जो प्रबंध सादर केला, त्याचा विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. चौदाव्या वर्षी त्या बाळंत झाल्या होत्या आणि ते मूल अवघे दहा दिवस जगले होते. संस्कृत ग्रंथांतील प्रसूतिविचार घेऊन तो लिहिणारी ही पहिली मराठी स्त्री, जिला त्या खोलीत काय घडते ते स्वतःच्या देहाने ठाऊक होते. प्रबंध इंग्रजीत आहे. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले, वय २१. मराठी प्रसूतिशास्त्राची परिभाषा त्यांच्या हातून घडती तर ती कशी झाली असती, हा विचार मनात येतोच.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शस्त्रक्रिया सुरक्षित झाली, आणि आडव्या मुलाने बाई मरण्याचे दिवस हळूहळू मागे पडले. २००० मध्ये मेरी हॅना व सहकाऱ्यांनी २६ देशांतील २,०८८ स्त्रियांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. पायाळू मुलांसाठी आधीच ठरवून केलेली शस्त्रक्रिया मुलाच्या दृष्टीने अधिक सुरक्षित, असा त्याचा निष्कर्ष होता. त्यानंतर पायांकडून होणारी नैसर्गिक बाळंतपणे जगभर झपाट्याने घटली, आणि तशी प्रसूती कौशल्याने करणारे हातही घटले. यावर त्या शास्त्रात वाद चालू आहे. परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला तो १ मे १९९९ रोजी. २००५ पासून जननी सुरक्षा योजना व गावोगावच्या आशा कार्यकर्त्या आल्या, आणि २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका. सुईण आता बहुधा न्हाऊ घालण्यापुरती उरली आहे.

या बदलात ‘पायाळू’ शब्दाचे काय झाले, ते माझ्या दृष्टीने सर्वांत उद्बोधक आहे. आजवर पाहिलेले सारे शब्द, पोथीतले आणि सुइणीचे, दाराशी उभे राहून दिलेले आहेत. काय आधी आले, काय अडले, काय आडवे पडले. पोटावरून हात फिरवून चतुर सुईण आधी अंदाज करीत असेलही. परंतु नाव मिळे ते प्रसूतीच्या वेळी. म्हणून व्याकरणात भूतकाळ : ‘तो पायाळू जन्मला’, ‘मूल आडवे आले’. सोनोग्राफीने हे नाव दारातून उचलून गर्भाशयात नेले. आता सातव्या महिन्यातील मुली सहज म्हणतात, ‘बाळ पायाळू आहे.’ वर्तमानकाळ, आणि पुढे ‘पण फिरेल, म्हणाले डॉक्टर’. मराठी आरोग्यपुस्तिकांनीही हाच शब्द या अर्थी स्वीकारला आहे, आणि घडविलेल्या संस्कृत परिभाषेपेक्षा तो बरा, असे माझे मत आहे. मात्र जो स्वभाव होता ती आता एक तात्पुरती अवस्था झाली. ‘-आळू’ प्रत्ययातला जन्मभराचा अर्थ गळून पडला.

जुन्या अर्थाचे काय, हे मी सेनगावकडील एका घरी पाहिले. नात शस्त्रक्रियेने झालेली. दवाखान्याच्या कागदावर इंग्रजीत ‘ब्रीच’ लिहिलेले. सून म्हणत होती, मुलगी पायाळू आहे. आजी मान्य करीना. पायाने आली कुठे, पोटातून काढली, असे तिचे म्हणणे. दोघीही आपापल्या व्याकरणाप्रमाणे बरोबर होत्या. तेवढ्यात शेजारचा एक गडी उसण भरलेली पाठ घेऊन दाराशी आला, आणि पायाळू कोण आहे म्हणून विचारू लागला. आजीने त्याला परस्पर पलीकडच्या आळीत एका म्हाताऱ्याकडे पाठविले.